स्टाफच्या कामाची दखल घ्यायचीय? मग बक्षीस असं निवडा

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी बहुतेक छोट्या कंपन्यांत एकच धावपळ असते, स्टाफला काय द्यायचं, आणि मग कुणीतरी होलसेलवाल्याकडून सगळ्यांसाठी एकसारखे डिनर सेट नाहीतर ड्रायफ्रूटचे बॉक्स उचलून आणतं, वाटप होतं, फोटो निघतात, विषय संपला. दिवाळीची भेट द्यायलाच हवी, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ती सगळ्यांना मिळते म्हणूनच ती कुणाच्याच कामाची दखल नसते. ज्याने वर्षभर जीव लावून काम केलं आणि ज्याने जेमतेम ढकललं, दोघांच्या हातात तोच बॉक्स. इथे बोलायचंय ते दुसऱ्या बक्षिसाबद्दल, 'तू केलेलं मी पाहिलंय' हे माणसाला कळावं म्हणून जे देतो त्याबद्दल. पाच माणसांचं दुकान असो, भोसरी-चाकणमधलं वर्कशॉप असो की आयटीतली टीम, पद्धत साधारण तीच.

१. आधी हक्काचे पैसे चुकते करा

हे पहिलं आहे कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बोनस देणं १९६५ पासून कायद्याने बंधनकारक आहे आणि जे त्या कायद्यात बसतात त्यांना किमान ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २० टक्के असा बोनस मिळतो. तो कायद्याने द्यायचाच आहे, तो बक्षीस म्हणून मिरवायचा नाही. फॅक्टरीतला ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो, तेही बक्षीस नाही. साठलेली रजा, वेळेवर पगार, ठरलेलं इन्क्रिमेंट, हे सगळं माणसाच्या कष्टाचं आहे. पगार दर महिन्याला दहा दिवस लेट होत असेल तर ट्रॉफी देऊ नका, त्या ट्रॉफीचे पैसे पगाराकडे वळवा. लोकांना हिशोब बरोबर कळतो, आणि हक्काचं अडकवून वर शाल-श्रीफळ दिलं की मन उलट जास्त दुखावतं.

२. कशासाठी द्यायचं ते आधी ठरवा

मोजायला सोपं म्हणून बहुतेक ठिकाणी हजेरीचं बक्षीस असतं, एकही खाडा नाही, एकदाही उशीर नाही, घ्या बक्षीस. ऐकायला छान वाटतं पण जरा थांबा. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या पाच औद्योगिक लॉन्ड्री प्लांटचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातल्या एका प्लांटमध्ये महिनाभर वेळेवर येणाऱ्यांना बक्षीस ठेवलं होतं. झालं काय, तर काही जण बक्षिसाच्या शर्यतीत असेपर्यंतच वेळ पाळायचे, उशीर होणार असं दिसलं की आजारी असल्याचं कळवून घरीच राहायचे म्हणजे उशीर धरला जाणार नाही, आणि जे आधीपासून कुणी न सांगता वेळेवर येत होते त्यांचाच कामातला उत्साह कमी झाला, प्लांटचं एकूण उत्पादन साधारण १.४ टक्क्यांनी घसरलं. जे लोक मनापासून करतच होते त्यावर किंमत लावली की ते नाराज होतात हे मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

म्हणून मोजता येतं ते नाही, तर तुम्हाला खरंच हवं असतं ते लिहून काढा. नवीन पोराला कुणी हाताशी धरून शिकवलं, कुणी वेळेत चूक पकडली, चिडलेल्या कस्टमरला कुणी शांतपणे सांभाळलं, कुणी स्वतःची चूक लपवायच्या ऐवजी लगेच येऊन सांगितली. हे शेवटचं तर आवर्जून धरा.

३. एक वही ठेवा

अॅप नको, सॉफ्टवेअर नको, साधी वही किंवा फोनमधली नोट पुरते. दर शनिवारी निघायच्या आधी दोन ओळी लिहायच्या, या आठवड्यात कुणी काय केलं, तारीख आणि नावासकट. वर्षाच्या शेवटी आठवून बक्षीस ठरवायला बसलं की फक्त शेवटचे दोन महिने आठवतात, आणि जे मीटिंगमध्ये बोलतात तेच डोळ्यासमोर येतात. डिस्पॅचचा माणूस, स्टोअरवाला, अकाउंटमधल्या मॅडम, रात्रपाळीचा सिक्युरिटी, साफसफाईच्या मावशी यांचं काम नीट झालं तर कुणाला दिसतच नाही, बिघडलं की मात्र सगळ्यांना दिसतं. आणि कॉन्ट्रॅक्टवरचे लोक, त्यांना विसरू नका. एकाच लाइनवर, एकाच मशीनवर, शेजारी शेजारी उभे असतात आणि वाटपाच्या दिवशी एकाला मिळतं, दुसरा मान खाली घालून काम करत राहतो. हे बघवत नाही. ठेकेदाराचा माणूस म्हणून त्याने वाचवलेला माल कमी किमतीचा होत नाही.

४. त्या माणसाला काय उपयोगी पडेल ते शोधा

सगळा वेळ इथे घालवा. सरळ विचारलं तरी चालतं, पण बरेच जण संकोचाने 'काही नको सर' म्हणतात, म्हणून त्याच्या जवळच्या सहकाऱ्याला विचारा, जेवणाच्या सुट्टीत काय बोलतो ते ऐका, घरी कोण आहे, मुलं कितवीत आहेत, किती लांबून येतो.

बऱ्याच लोकांना सगळ्यात जास्त हवा असतो तो वेळ. कोकणातला माणूस मुंबई-पुण्यात कामाला असेल तर गणपतीची रजा ही त्याच्यासाठी वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट असते, आणि ती मिळेल की नाही हे शेवटच्या आठवड्यापर्यंत टांगलेलं असतं. आता रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ च्या आधी १२० दिवस होतं) आणि गणपतीच्या दिवसातल्या कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. म्हणजे रजा मंजूर केल्याचं तीन महिने आधी, लेखी सांगितलं तर त्या रजेला किंमत आहे, आदल्या आठवड्यात सांगितलं तर तो एसटीच्या नाहीतर ट्रॅव्हल्सच्या मागे धावणार. 'मार्चमधली ऑर्डर तुझ्यामुळे वेळेत गेली, यंदा गणपतीला पाच दिवस पगारी सुट्टी, तुझ्या रजेतून कापणार नाही, तिकीट काढून टाक.' कंपनीला पाच दिवसांचा पगार लागला, त्या घरात मात्र वर्षभर नाव निघतं. तसंच कुणाला आषाढीच्या वारीला जायचं असतं, कुणाच्या मुलीची दहावी असते म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्रपाळी नको असते. हे देताना फक्त एक बघा, त्याच्या जागी उभं राहणाऱ्यावर डबल लोड यायला नको, त्याची सोय आधी करा.

दुसरं म्हणजे हातातलं हत्यार. क्वालिटीतल्या पोराने पार्टच्या ड्रॉइंगचं जुनं रिव्हिजन (जुनी आवृत्ती) वापरात असल्याचं पकडलं आणि अख्खी बॅच रिजेक्ट व्हायची वाचली समजा, तर त्याला भिंतीवरचं घड्याळ काय करायचंय, चांगल्या कंपनीचा डिजिटल व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं हत्यार) द्या, केसवर त्याचं नाव कोरून, त्याच्या मालकीचा, नोकरी सोडली तरी त्याचाच. रोज हातात येणारी वस्तू, आणि ज्या कामासाठी मिळाली तेच काम त्याने करायचं. ऑफिसात हेच चांगली खुर्ची, दुसरा मॉनिटर असं होतं, पण ते कामाला लागतंच म्हणून सगळ्यांना द्यायचं असेल तर बक्षिसात धरू नका.

तिसरं शिकायची संधी. ऑपरेटरला प्रोग्रामिंगचा कोर्स, अकाउंटवाल्यांना अॅडव्हान्स एक्सेल, बेंगळुरूच्या इमटेक्स या मशीन टूल्सच्या प्रदर्शनाला मालकाबरोबर हुशार फिटरलाही न्या, जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च कंपनीचा. कोर्स मात्र कामाच्या वेळेत हवा, रविवारी नको.

काय टाळायचं तेही सांगतो. मधुमेह असलेल्याला मिठाई, शाकाहारी माणसाला बार्बेक्यूचं कूपन, ज्याच्या फोनमध्ये ते अॅपच नाही त्याला ऑनलाइन व्हाउचर, आणि कंपनीचा मोठा लोगो छापलेली बॅग. शेवटची वस्तू जाहिरात आहे, ती द्यायची तर वेगळी द्या.

५. रोख की वस्तू?

यावर कायम वाद असतो. जर्मनीतल्या एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत विद्यार्थ्यांना पुस्तकांच्या नोंदी करायचं काम देऊन एक प्रयोग झाला होता, २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काहींना ठरलेल्या मजुरीवर अचानक ७ युरो रोख जास्त दिले, काहींना तेवढ्याच किमतीचा थर्मास रॅप करून दिला. रोखीने कामात फारसा फरक पडला नाही, थर्मासवाल्यांचं काम साधारण २५ टक्क्यांनी वाढलं. मग तिसऱ्या गटाला पैसेच दिले पण नोटेची घडी घालून शर्टाचा आकार करून, म्हणजे कुणीतरी बसून वेळ घालवलाय हे दिसेल असे, तर त्यांचंही काम जवळपास थर्मासइतकंच, किंबहुना थोडं जास्तच वाढलं. म्हणजे पैसा वाईट नाही, कुणी आपल्यासाठी विचार केला की नाही हे माणूस बघतो.

माझं मत असं, ज्याचा पगार पंधरा-वीस हजार आहे आणि घरात अडचण आहे त्याला रोखच द्या, वस्तू देऊन आपली हौस भागवू नका. फक्त ते पगारात मिसळून यूपीआयने ढकलू नका. पाकिटात घाला आणि सोबत चार ओळींचं हाताने लिहिलेलं पत्र ठेवा. टॅक्सचं एक लक्षात असू द्या, रोख बक्षीस पगारातच धरलं जातं, वस्तूरूप भेटीला वर्षाला एका मर्यादेपर्यंत सूट असते. ही मर्यादा बरीच वर्षं ५,००० रुपये होती, चालू वर्षाचा आकडा तुमच्या सीएला विचारून घ्या आणि जो टॅक्स लागेल तो कंपनीने भरावा, नाहीतर हातात दिलेल्यातून परत कापून घेतल्यासारखं होतं.

६. देताना काय बोलायचं

घटना झाल्यावर आठवड्याच्या आत द्या. आणि द्यायचं त्याने, ज्याने ते काम पाहिलं. एचआर किंवा डायरेक्टर शेजारी उभे राहू देत, पण बोलणार सुपरवायझर. 'यांच्या मोलाच्या योगदानाबद्दल' असं काही बोलू नका, ते कुणालाही लागू पडतं. असं बोला: 'गुरुवारी सेकंड शिफ्टला काकांनी गाडी लोड होताना लेबल पाहिलं, पार्ट नंबर वेगळा दिसला, ड्रायव्हर घाई करत होता तरी त्यांनी गाडी थांबवली आणि मला फोन केला. गाडी गेली असती तर कस्टमरची लाइन थांबली असती.' एवढंच. गुरुवार, सेकंड शिफ्ट, लेबल, या तपशिलांनी काकांना कळतं की आपलं काम कुणीतरी खरंच बघितलं, आणि बाकीच्यांना कळतं की घाईत गाडी थांबवली तरी इथे कुणी ओरडणार नाही.

काहींना चारचौघात उभं राहायला नको वाटतं, त्यांना केबिनमध्ये बोलवा, चहा मागवा, निवांत सांगा. आधी विचारून घ्या. पत्राची एक प्रत मात्र त्यांच्या फाइलला लावा, इन्क्रिमेंटच्या वेळी उपयोगी येते.

७. बाकीच्यांना काय वाटेल हेही बघा

दर महिन्याला एक 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' काढायचाच असं ठरवलं की सहा महिन्यांत पाळी लागते, या वेळी तुझा नंबर, पुढच्या वेळी माझा, आणि मग त्या फोटोकडे कुणी बघतही नाही. एखाद्या महिन्यात सांगण्यासारखं काही नसेल तर देऊ नका, एकाच आठवड्यात तिघांनी केलं असेल तर तिघांना द्या. काम चार जणांनी मिळून केलं असेल तर एकाला पुढे काढून बाकीच्यांना टाळ्या वाजवायला लावू नका, चौघांनाच द्या, नाहीतर पुढच्या वेळी कुणी कुणाला मदत करणार नाही.

सुरतचे हिऱ्यांचे व्यापारी सावजी ढोलकिया यांनी २०१६ च्या दिवाळीत कर्मचाऱ्यांना १,२६० गाड्या आणि ४०० फ्लॅट जाहीर केले होते, ती बातमी दर दिवाळीला फिरते आणि छोट्या मालकाला वाटतं आपण काय देणार. त्या आकड्यांशी तुमची तुलनाच नाही. दहा जणांच्या युनिटमध्ये मालकाला प्रत्येकाचं काम रोज समोर दिसतं, मोठ्या कंपनीला त्यासाठी कमिट्या नेमाव्या लागतात.

सहा महिने झाले की वही उघडा आणि कुणाचं नाव एकदाही आलेलं नाही ते शोधा. त्यातले काही खरंच कमी पडत असतील, त्यांच्याशी वेगळं बोलावं लागेल. पण काही जण असे निघतील की त्यांच्या टेबलाजवळ, त्यांच्या मशीनजवळ तुम्ही कधी थांबलेलाच नाहीत. पुढच्या आठवड्यात तिथे अर्धा तास जाऊन उभे राहा.