जुन्या व्हॅनच्या टपावरील गंजाची दुरुस्ती

भाजीपाला, दूध किंवा मंडपाचे सामान वाहणाऱ्या जुन्या व्हॅनचा टप हा गाडीचा सर्वांत दुर्लक्षित भाग असतो, कारण बाहेरून तो नजरेच्या वर राहतो आणि आतून अस्तराने झाकलेला असतो. सीटवर पाण्याचे थेंब पडू लागतात, तेव्हा पत्रा बहुधा बऱ्याच आधीपासून सडत आलेला असतो. म्हणून रंगाचा डबा आणण्यापूर्वी पाणी कोठे थांबते आणि कोठून शिरते, याचा शोध घ्यावा. तो न घेता केलेले रंगकाम पुढच्या पोळ्यापर्यंतही टिकत नाही.

१९८४ ते २०१९ या काळात बनलेल्या मारुती ओम्नीसारख्या, टपाच्या दोन्ही कडांना पन्हाळ असलेल्या गाड्यांत तपासणी पन्हाळीपासूनच सुरू करावी. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा तेथे जोडलेले असतात व त्या जोडावर सीलंट भरलेले असते, जे वर्षानुवर्षांच्या उन्हाने कडक होऊन तडकते. कॅरिअरचे क्लॅम्पही तेथेच आवळलेले असल्याने खालचा रंग खरवडला जातो. गाडी चिंचेखाली किंवा कडुनिंबाखाली उभी राहत असेल, तर बारीक पाला, धूळ आणि हंगामात कापसाचे तंतू पन्हाळीत बसतात आणि पाऊस उघडल्यावरही त्यांचा ओला लगदा पत्र्याला चिकटून राहतो. त्यातच कॅरिअरवरून खताची पोती नेण्याची सवय असेल, तर सांडलेले खत, विशेषतः क्लोराइड असलेले पोटॅश, गंजाचा वेग फार वाढवते. कॅरिअर पूर्ण उतरवून पन्हाळ लाकडी काडीने कोरून काढावी, साध्या पाण्याने धुवावी आणि मगच टपाकडे वळावे.

रंगाचा फुगवटा दिसेल तेथे पेचकसाच्या टोकाने दाबून पाहावे. पत्रा घट्ट राहिला, तर गंज वरचा आहे. तो लवला, कुरकुरला किंवा टोक आरपार गेले, तर गंज आतून आलेला आहे आणि मग आतील अस्तर उतरवण्याला पर्याय नाही. अस्तरामागील फोम हिवाळ्याच्या रात्री गार पत्र्यावर जमणारा ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे छिद्र नसतानाही पत्रा आतून खाल्ला जातो.

या कामासाठी विदर्भात दिवाळीनंतर होळीपर्यंतचे दिवस उत्तम. मात्र सकाळचे दव पूर्ण सुकल्यावर हात घालावा आणि ऊन उतरण्यापूर्वी थांबावे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना टपाला हात लागत नाही आणि थिनर इतक्या लवकर उडते की रंग पसरण्याआधीच वाळून ब्रशचे पट्टे उमटतात. उन्हाळ्यात काम करावेच लागले, तर गाडी सावलीत घेऊन भल्या सकाळी ते उरकावे.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने, नंतर ८० आणि १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासावा व घासण्याची हद्द डागाच्या पलीकडे चांगल्या रंगात दोन बोटे न्यावी. ग्राइंडर वापरल्यास तो एका जागी रोखून धरू नये, कारण टपाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच. खड्ड्यांत उरलेल्या काळसर गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे गंजरोधक द्रावण लावता येते, पण डब्यावरील सूचनेप्रमाणे ते धुऊन पत्रा कोरडा केला पाहिजे. आम्लाचा अंश राहिला, तर वरचा इपॉक्सी प्राइमर, म्हणजे रंगाखाली द्यायचा पहिला थर, नीट पकडत नाही.

छिद्र पुट्टीने बुजवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. पुट्टी पाणी शोषते. ती उंचसखलपणा भरण्यासाठी असते, भोक झाकण्यासाठी नव्हे. सडलेला भाग कापून २२ गेजच्या साध्या, जस्त नसलेल्या पत्र्याचा तुकडा बसवावा, कारण जस्ताच्या पत्र्याला वेल्डिंग करताना निघणारा धूर विषारी असतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात, अस्तर दूर न्यावे आणि कारागिराला सलग टाका न मारता थांबून-थांबून, अंतराअंतरावर ठिपके मारायला सांगावे. अन्यथा उष्णतेने टपाला लाटा येतात. पहिला ठिपका पडण्याआधी जवळ पाण्याची बादली आणि कोणीतरी पाहणारा माणूस असलेला बरा.

यानंतर इपॉक्सी प्राइमरचे दोन हात द्यावेत. रेड ऑक्साइड प्राइमर स्वस्त आणि तालुक्याला कोठेही मिळते, मात्र त्यावर साधा इनॅमलच लावावा. तीव्र थिनरचा रंग मारल्यास खालचा थर सुरकुततो. पुट्टी लागलीच तर प्राइमरवर पातळ थरात लावावी, कोरडीच घासावी आणि तिच्यावर पुन्हा प्राइमर द्यावा. प्राइमरवर गाडी तशीच महिनाभर फिरवणे हा आपल्याकडचा आवडता उद्योग. परंतु बहुतेक प्राइमर ओलावा पूर्ण रोखत नाहीत, म्हणून रंग लगेच चढवावा. नोंदणी पुस्तकात गाडीचा रंग लिहिलेला असतो, तेव्हा मूळ रंगच ठेवावा. दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग बंद जागेत साधा कापडी मास्क लावून फवारू नये. त्यात मिसळायच्या हार्डनरमुळे (रंग घट्ट करणाऱ्या घटकामुळे) श्वसनाला गंभीर इजा होऊ शकते.

पन्हाळीच्या जोडावर प्राइमरनंतर आणि रंगापूर्वी, वर रंग घेणाऱ्या पीयू सीलंटची पातळ रेघ ओढून ती ओल्या बोटाने दाबावी. पूर्ण पन्हाळ भरून टाकू नये, कारण मग पाणी वाहून जाण्याऐवजी काचेवर आणि दारांत उतरते. रंग पक्का वाळल्यावर कॅरिअरच्या क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचे रबर घालून ते बसवावे. अस्तर मात्र त्यानंतरही उघडेच ठेवून टपावर सावकाश पाणी ओतावे आणि आतून टॉर्चने प्रत्येक जोड पाहावा. कोठेही ओल दिसली नाही, तरच नवा फोम चिकटवावा.