पोरं टिकत नाहीत? एचआरच्या या चुका टाळा

वाळूजपासून लातूरच्या एमआयडीसीपर्यंत कुठल्याही कारखान्यात गेलं की एक तक्रार हमखास ऐकू येते: "पगार वेळेवर देतो, बस आहे, कॅन्टीन आहे, तरी पोरं मन लावून काम करत नाहीत." मग गेटजवळ 'महिन्याचा उत्कृष्ट कामगार' असा फलक लागतो. दोन महिन्यांनी त्यावरचा फोटोही बदलत नाही.

फलक लावण्याआधी एक बघा. कंपनीचा प्रत्येक नियम कामगार मनातल्या मनात तपासतो: हे आपल्या भल्यासाठी आहे की आपल्याला पिळण्यासाठी? संशोधक लिसा निशी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका सुपरमार्केट साखळीत याचा अभ्यास केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपनी हे नियम चांगल्या सेवेसाठी आणि आपल्या हितासाठी राबवते असं ज्यांना वाटत होतं, त्यांची कामाबद्दलची वृत्ती चांगली होती. खर्च वाचवायला आणि जास्त काम काढायला राबवते असं ज्यांना वाटलं, त्यांची वृत्ती तितकी चांगली नव्हती. नियम मात्र सगळ्यांना तेच होते.

नियम लावला, कारण सांगितलं नाही

हजेरीचं नवं मशीन बसतं आणि बोर्डावर इंग्रजीत नोटीस लागते: आठ वाजून पाच मिनिटांनंतर पंचिंग झालं तर अर्धा दिवस कापणार. पहिल्याच आठवड्यात गंगापूरकडून येणारी कंपनीचीच बस उशिरा पोचते आणि बसमधल्या सगळ्यांचा अर्धा दिवस जातो. एचआर म्हणतं, सिस्टिमने कापलं. तिथून पुढे त्या मशीनवर कुणाचाही विश्वास बसत नाही.

संशोधक जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० चा अभ्यास इथे आठवतो. एका कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पगार १५ टक्के कमी केला होता. एका ठिकाणी कारण नीट समजावलं, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसरीकडे थोडक्यात गुंडाळलं. कपात सारखीच असूनही चोऱ्या दुसऱ्या कारखान्यात जास्त वाढल्या.

उपाय फार महागडा नाही. शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटं लाइनवर उभं राहून मराठीत सांगा, परप्रांतीय कामगार असतील तर हिंदीतही: नियम कशासाठी, कुणाला सूट, चूक झाली तर कुणाला भेटायचं. आणि बस उशिरा आली तर पगार कापायचा नाही, हे लेखी द्या.

सोयाबीनचं गणित न धरणं

मराठवाड्यातल्या कारखान्यात ही चूक सगळ्यात महाग पडते, तरी वर्षानुवर्षं चालू आहे. इथल्या कामगाराचं एक पाऊल रानात असतं. ऑक्टोबरात सोयाबीन काढून पडलेलं असतं, मळणी यंत्राचा नंबर लागलेला असतो, वर आभाळ येतं. तो सुपरवायझरकडे येतो: "साहेब, दोन दिवस द्या, भिजलं तर समदं गेलं." उत्तर मिळतं, टार्गेट आहे, जमणार नाही. तो जातोच. चौथ्या दिवशी तापाचं सर्टिफिकेट घेऊन परततो. सही करणाऱ्यालाही ठाऊक असतं की ताप नव्हता.

मग मीटिंगमध्ये एचआर म्हणतं, लोक खोटं बोलतात. बोलतात, कारण खरं बोलणाऱ्याला रजा मिळत नाही आणि खोटं बोलणाऱ्याला मिळते. असं धोरण चालवायचं आणि वर प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवायची, हे मला तरी पटत नाही.

ऑगस्टअखेर प्रत्येक लाइनवर एक तक्ता फिरवा: कुणाची शेती आहे, काढणी साधारण कधी. त्यावरून आळीपाळीने रजा लावा, ज्यांच्याकडे शेती नाही त्यांना त्या दिवसांचा ओव्हरटाइम आधी विचारा. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा हा कामगाराचा हक्कच आहे. ती काढणीला मिळाली तर तिचं मोल कळतं. लातूर-धाराशिवकडे येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येच्या शेतातल्या सणाला, शिफ्ट रिकामी पडणार हे दरवर्षी माहीत असतं. नोटिसा काढण्यापेक्षा त्या आठवड्याची सुट्टी त्या दिवशी घ्या आणि रविवारी काम ठेवा.

एकाच लाइनवर दोन न्याय

दसऱ्याला मशीनची पूजा होते. परमनंटला मिठाईचा मोठा पुडा, ठेकेदारामार्फत लागलेल्या पोराला छोटा. वाचतात थोडेसे रुपये, पण ते पोरगं हे वर्षभर विसरत नाही. त्यात काही महिन्यांनी 'ब्रेक', म्हणजे कामावरून कमी करणं, ठरलेलंच. ज्याला आपण ठेवणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे, त्याने कंपनी आपली मानावी कशी? बूट, जेवण, बस, मिठाई सारखी ठेवा. परमनंट होण्याची शक्यता नसेल तर स्पष्ट सांगा. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत लोंबकळत ठेवू नका.

पैशांचं थोडक्यात: ओव्हरटाइम दुप्पट दराने, पगार सात तारखेच्या आत, स्लिप मराठीत. ठेकेदाराने पीएफ कापला पण भरला नाही, हे पासबुकात दिसतं आणि शिव्या कंपनीला बसतात. दर महिन्याला पीएफ भरल्याचं चलन ठेकेदाराकडून मागून घ्या.

सुपरवायझरला मोकळं सोडणं

एचआरचं धोरण कामगार वाचत नाही, तो सुपरवायझर बघतो. गेटपास गाववाल्याला लगेच आणि दुसऱ्याला नाही, असं चाललं की धोरण कितीही चांगलं असो, उपयोग शून्य. कुणी कुणाची रजा मंजूर केली, कुणाची नाकारली, याचा महिन्याचा कागद काढून बघा. बऱ्याचदा कामगारांची गळती सगळ्या कारखान्यात नसते, एकाच सुपरवायझरच्या हाताखाली असते.

सोडून जाणाऱ्याची मुलाखत शेवटच्या दिवशी घेऊ नका. हिशेब अडकलेला असताना तो 'घरगुती कारण' एवढंच लिहिणार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार वेतनाचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. तो करा, महिनाभराने दुसऱ्या विभागातल्या कुणाकडून तरी फोन करवा, आणि कुणाच्या हाताखाली होतास, एवढंच आधी विचारा.