गिट स्टॅश वापरताना या चुका टाळा

अर्धवट काम चालू असतं, मधेच कोणीतरी म्हणतं प्रॉडक्शनवर बग आलाय आधी तो बघ, मग आपण गिट स्टॅश मारतो (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, स्टॅश म्हणजे अर्धवट बदल तात्पुरते बाजूला ठेवणं) आणि ब्रांच, म्हणजे कोडची समांतर वाट, बदलतो. त्यानंतर होणारे घोळ इतक्या वेळा निस्तरलेत की आता लिहूनच टाकतो.

सगळ्यात महागात पडते ती नवीन फाइलींची चूक. नुसतं गिट स्टॅश केलं की गिटला आधीपासून माहीत असलेल्या फाइलींचेच बदल आत जातात, नवीन बनवलेली आणि अजून गिट ॲड करून गिटला न सांगितलेली फाइल फोल्डरमध्ये तशीच पडून राहते. आमच्या टीममधल्या एका नवीन मुलाने दोन दिवस खपून तीन नवीन फाइली लिहिल्या होत्या, स्टॅश केलं, हॉटफिक्सच्या, म्हणजे तातडीच्या दुरुस्तीच्या, ब्रांचवर गेला, तिथे गिट स्टेटसमध्ये त्याच तीन फाइली लाल अक्षरात दिसल्या. त्याला वाटलं काम तर स्टॅशमध्ये आहे, हा उरलेला कचरा असणार, म्हणून नेटवरून उचललेली गिट क्लीन डॅश एफडी (गिटला माहीत नसलेल्या फाइली आणि फोल्डर उडवणारी कमांड) मारली. संध्याकाळी पॉप केलं, म्हणजे बदल परत आणून तो स्टॅश यादीतून काढला, तर जुन्या फाइलीतले चार ओळींचे बदल आले, बाकी काहीच नाही. रात्री त्याच्याशेजारी बसून गिट एफएससीके (गिटचा साठा तपासणारी कमांड) पण चालवून बघितलं, पण जे कधी ॲडच केलं नाही ते गिटकडे असणार कुठून. एडिटरच्या लोकल हिस्टरीत दोन फाइली सापडल्या, तिसरी त्याने परत लिहिली. तेव्हापासून मी नवीन फाइलीही आत घेणारं डॅश यू लावल्याशिवाय स्टॅश करत नाही, आणि क्लीनच्या आधी डॅश एन लावून काय उडणार आहे ते वाचतो. दहा सेकंद लागतात, तेवढाही धीर नसेल तर क्लीनला हातच लावू नका.

बिननावाचे स्टॅश नकोत. गिट स्टॅश पुश डॅश एम लावून दोन शब्द लिहा, नाहीतर गिट स्टॅश लिस्टमध्ये सगळे सारखेच दिसतात. आणि झिरो नंबरचा स्टॅश ड्रॉप केला, म्हणजे काढून टाकला, की एक नंबरचा झिरो होतो, त्यामुळे आधी पाहिलेल्या नंबरवर दुसरा ड्रॉप मारला की भलताच उडतो. उडालाच तर टर्मिनल बंद करू नका! ड्रॉपच्या मेसेजमध्ये कंसात हॅश, म्हणजे त्या स्टॅशचा लांबलचक ओळख क्रमांक, छापलेला असतो, गिट स्टॅश अप्लाय आणि पुढे तो हॅश दिला की काम परत येतं.

पॉप करताना कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे स्टॅशमधले बदल आताच्या कोडशी भिडले, की लोक घाबरतात, पण अशावेळी स्टॅश लिस्टमध्येच राहतो. कॉन्फ्लिक्ट सोडवा, मग हाताने ड्रॉप करा. मी तर पॉप वापरतच नाही, आधी अप्लाय (बदल परत येतात, पण स्टॅश लिस्टमध्येच राहतो), सगळं चालतंय हे बघून मग ड्रॉप.

स्टॅशच्या आधी गिट ॲड करून ठेवलेले बदल परत आणल्यावरही बाकीच्यांपासून वेगळे राहायला हवे असतील तर अप्लायला डॅश डॅश इंडेक्स लावा.

स्टॅश पुश केल्याने सर्व्हरवर जात नाही हो, नाव पुश असलं तरी! लॅपटॉप गेला की तोही गेला. म्हणून काम उद्यावर जाणार असेल तर मी सरळ वेगळ्या ब्रांचवर अर्धवट कमिट, म्हणजे बदलांची गिटमध्ये नोंद, करतो आणि ती ब्रांच सर्व्हरवर ढकलतो, परत आलो की गिट रिसेट डॅश डॅश सॉफ्ट करून ते कमिट मोडून बदल परत मोकळे करतो. आणि महिनाभर जुना स्टॅश निघालाच तर मेनवर, म्हणजे मुख्य ब्रांचवर, अप्लाय करत बसू नका, गिट स्टॅश ब्रांच वापरा, ज्या कमिटवर तो केला होता तिथूनच नवीन ब्रांच निघते.