जुन्या ड्रेसिंग टेबलाला रंग आणि ग्लेझ : या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात पॉलिशवाले भरपूर आहेत, रंगारीही भरपूर. पण आजीच्या काळातलं ड्रेसिंग टेबल घेऊन त्याला क्रीम रंग, कोरीवकामात मुरलेली तपकिरी झाक आणि हात फिरवावासा वाटेल असा गुळगुळीतपणा देणारे मोजकेच. त्यामुळे लोक विचारत विचारत येतात आणि काम मिळत राहतं. मी चित्रकलेची पदविका घेतली आणि नंतर एका पॉलिशच्या वस्तादांच्या हाताखाली हे शिकले. आता माझ्याकडे शिकायला येणारी मुलं-मुली पहिल्याच दिवशी रंगाचा डबा उघडायला बघतात. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते आहे. या कामात लावण्यापेक्षा काढणं जास्त आहे. जुनं पॉलिश काढायचं, तेलकटपणा काढायचा, धूळ काढायची आणि शेवटी लावलेलं ग्लेझ, म्हणजे रंगावरचा पातळ पारदर्शक थर, तेही बरंचसं पुसून काढायचं. कुठं थांबायचं हे हाताला कळायला वेळ लागतो, तेवढा वेळ स्वतःला द्या.

सगळ्यात आधी लाकूड ओळखा. समोरून बघून कळत नाही. खण बाहेर ओढा, उलटा करा, मागची फळी बघा. तिथं कुणी पॉलिश केलेलं नसतं. साग असेल तर रंग सोनेरी-तपकिरी दिसतो, घासल्यावर चामड्यासारखा वास येतो आणि बोटाला किंचित तेलकट लागतं. शिसवी लाकूड काळपट-जांभळं आणि जड. शिसवी वस्तू रंगवायला आली तर मी नको म्हणते, आणि तुम्हीही म्हणा. त्यावर रंग मारणं म्हणजे लाकडाची किंमत घालवणं. तिला चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश करून द्या, गिऱ्हाईक नंतर आभार मानतं. रंग आणि ग्लेझ शोभतं ते साध्या सागाला, जोडतोड झालेल्या, डाग पडलेल्या, वेगवेगळ्या लाकडांच्या फळ्या लावलेल्या वस्तूला.

मंगळवार पेठेतल्या एका काकूंचं टेबल असंच आलं होतं. त्यांच्या लग्नात आंदण मिळालेलं, तीन खणांचं, आरशाच्या चौकटीवर वेलबुट्टी. सुनेला ते पांढरं हवं होतं, काकूंना लाकूड दिसायला हवं होतं. दोघी माझ्यासमोर एकमेकींशी फार जपून बोलत होत्या. मी म्हटलं, "काकू, चौकट आणि अंग रंगवूया. वरची फळी आणि खणांचं आतलं अंग मात्र सागाचंच ठेवूया. खण उघडला की तुमचं लाकूड दिसेल." काकूंनी खण एकदा ओढून आत हात फिरवला आणि सुनेला म्हणाल्या, "चालतंय की." गिऱ्हाइकाशी असं बोलणं हा या धंद्याचा निम्मा भाग आहे. वस्तू कुणाची, कुणाच्या आठवणीतली, हे विचारल्याशिवाय पॉलिश पेपर हातात घेऊ नका.

आपल्या गावात आणखी एक प्रश्न येतो तो पुराचा. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं, आणि त्या पाण्यात राहिलेलं फर्निचर अजूनही कामाला येतं. राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे इथं लहान पोरालाही पाठ असतात. पुरातलं भरीव लाकूड बहुतेक वेळा वाचतं. प्लायवूडचे पापुद्रे सुटलेले असतील तर ती फळी बदलायचीच, त्यावर मेहनत करू नका. भरीव लाकूड आधी साध्या पाण्यानं धुऊन सांध्यातला गाळ काढा आणि सावलीत, वाऱ्यावर, विटांवर उभं करून वाळवा. उन्हात ठेवलं तर फळी वाकते, चिरते. आतला ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय पुढं जाऊ नका. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते एकदा घेऊन ठेवा. सरस सुटलेले सांधे उघडून, जुना सरस खरवडून, नव्यानं फेविकॉल लावून शिकंज्यात आवळायचे. लाकडाला बारीक भोकं असतील आणि खाली पीठ पडत असेल, तर किडीचं औषध सिरिंजनं भोकात सोडा आणि भोकं मग बुजवा.

आता खोलायचं. आरसा आधी काढून भिंतीला टेकवून नाही, तर आडवा, चादरीवर ठेवा. मुठी, बिजागऱ्या, कड्या एका डब्यात. प्रत्येक खणाच्या बुडाला पेन्सिलीनं नंबर घाला, कारण हातानं केलेल्या जुन्या टेबलात एका घरचा खण दुसऱ्या घरात बसत नाही. पितळी मुठींना चिंच लावून घासल्या की पुरे, त्या चकचकीत करण्याच्या नादाला लागू नका. ग्लेझ केलेल्या टेबलावर किंचित काळसर पितळच चांगलं दिसतं.

वर काय फासलेलं आहे हे ओळखायला एका कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा घासा. चिकट झालं तर चपड्याचं पॉलिश. स्पिरिटनं काही झालं नाही आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरनं विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी पटकन विरघळलं नाही तर बहुधा ऑइल पेंट. जुना ऑइल पेंट असेल तर इथं मी फार कडक आहे. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम २०१६ चा, आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासायचा नाही. वॉटर पेपर ओला करून घासायचा, मास्क लावायचा, निघालेला गाळ कागदात गोळा करायचा, आणि घरातली लहान मुलं त्या खोलीत येऊ द्यायची नाहीत. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.

घासणं ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं सुरू करा तेव्हाच, जेव्हा जाड थर काढायचा असतो. नाहीतर १२०, मग १८०, मग २२०. प्रत्येक वेळी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. आडवं घासलेलं ओरखडं रंगाखाली लपतं असं नवख्यांना वाटतं. पण ग्लेझ ते शोधून काढतं, कारण पातळ तपकिरी रंग प्रत्येक खाचेत जाऊन बसतो. भोकं, चिरा लांबीनं (पुट्टीनं) भरा, वाळल्यावर सपाट करा.

सागाचं एक लक्षात ठेवा. तो तेलकट आहे आणि त्यातला रंगाचा अंश वर झिरपतो. पांढऱ्या रंगावर काही दिवसांनी पिवळे-तपकिरी डाग उमटतात ते यामुळे. म्हणून घासून झालं की थिनरच्या फडक्यानं पुसायचं आणि चपड्याचा पातळ हात मारायचा. एक लिटर स्पिरिटला साधारण १२५ ग्रॅम चपडा रात्रभर भिजत ठेवा आणि गाळून घ्या. लागेल तेवढाच करा. कित्येक महिने ठेवलेला चपडा नीट वाळत नाही, चिकट राहतो. या थरावर ऑइलचा वुड प्रायमर छान धरतो. पाण्यातला प्रायमर थेट मारणार असाल तर मेण काढलेला चपडा घ्या. प्रायमरचे दोन हात, मध्ये २२० नं हलकं घासणं. हा भाग कंटाळवाणा आहे, पण त्यावरच सगळं उभं आहे.

वरचा मूळ रंग सॅटिन घ्या. मॅट रंग ग्लेझ पिऊन टाकतो आणि डाग पडतात, चकचकीत रंगावरून ते घसरतं. मी पाण्यातला सॅटिन वापरते आणि त्यावर तेलातलं ग्लेझ. यात फायदा असा की ग्लेझ मनासारखं झालं नाही तर टर्पेंटाइनच्या फडक्यानं सगळं पुसता येतं आणि पूर्ण वाळलेल्या खालच्या रंगाला काही होत नाही. शिकणाऱ्याला यापेक्षा मोठा आधार नाही.

तयार ग्लेझ दुकानात दर वेळी मिळेलच असं नाही, आणि गरजही नाही. एक भाग क्लिअर व्हार्निश, अर्धा भाग बेलतेल (रंगकामातलं जवसाचं तेल), एक ते दीड भाग टर्पेंटाइन. त्यात ऑइल कलरची ट्यूब थोडी थोडी घोळायची. बर्न्ट अंबर ऊबदार दिसतो, रॉ अंबर जरा थंड आणि जुनाट. अंबरमध्ये मॅंगनीज असतं, त्यामुळे तो इतर रंगांपेक्षा लवकर वाळतो. काळा रंग घालू नका, क्रीमवर तो मळासारखा दिसतो. व्हार्निश नि टर्पेंटाइन लक्ष्मीपुरी-शाहूपुरीकडच्या दुकानांत मिळतं, ट्यूब चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात. ग्लेझ मुळात चित्रकारांचंच तंत्र आहे, वाळलेल्या रंगावर पारदर्शक रंगाचा पातळ थर. कोल्हापूरचे चित्रकार आणि चित्रपटकार बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री होतं हे मला फार आवडतं. या गावात ब्रश आणि पटाशी एकाच घरात नांदलेली आहेत, तेव्हा हे काम इथं परकं नाही.

लावताना एका वेळी एकच भाग. खणाचं एक तोंड, किंवा चौकटीची एक बाजू. चपट्या ब्रशनं ग्लेझ सगळीकडे लावा, कोरीव भागात टोचून टोचून बसवा. मिनिटभर थांबा. मग जुन्या सुती बनियनचा तुकडा घडी करून बोटावर ताणून धरा आणि पुसा. बोट पाकळीच्या पाठीवरून जातं तिथलं ग्लेझ निघतं, पाकळीच्या मुळाशी कापड पोचत नाही तिथं ते राहतं. हीच खरी करामत. कापड खाचेत दाबलं की सगळं निघून येतं आणि फूल सपाट दिसतं, म्हणून घडी ताठ हवी. सपाट फळीवर आधी गोल, मग रेषेच्या दिशेनं पुसा, आणि शेवटी कोरड्या मऊ ब्रशनं अगदी हलका हात फिरवा म्हणजे कापडाच्या रेघा विरतात. जिथं माणसाचा हात रोज लागला असता, म्हणजे मुठीभोवती, वरच्या फळीच्या कडेला, तिथं जास्त पुसा. आतल्या कोपऱ्यात गडद राहू द्या. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ग्लेझ लवकर ओढून धरतं, तेव्हा बेलतेल थोडं वाढवा नि सकाळी काम करा.

बेलतेलाच्या चिंध्यांबद्दल नीट ऐका. हे जवसाचं तेल वाळताना गरम होतं, आणि चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर ती ऊब आतच कोंडून आपोआप पेट घेऊ शकते. काडी लागत नाही. चिंध्या एकेक उलगडून बाहेर पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवा. माझ्याकडे शिकणाऱ्यानं हे केलं नाही तर त्या दिवशी त्याला पुढचं काम मिळत नाही.

ग्लेझ पूर्ण वाळायला चार-पाच दिवस द्या, पांढऱ्या फडक्यावर रंग येईनासा झाला की समजा झालं. वरून पाण्यातला पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर. मेलामाइन किंवा लॅकर नको, त्यांचा कडक थिनर तेलाच्या थराला उचलतो आणि सुरकुत्या पडतात. ऑइल व्हार्निश क्रीम रंगाला पिवळं करतं. जून ते सप्टेंबर शक्यतो शेवटचे थर टाळा. ओल्या हवेत चपडा आणि लॅकर पांढरट पडतात, वाळणं लांबतं आणि गिऱ्हाइकाला दिलेली तारीख चुकते. पावसात सांधेजोड आणि घासकाम करा, रंग दिवाळीच्या तोंडावर. खणांच्या सरकण्याच्या कडांना रंग लावायचाच नाही, मेणबत्ती घासायची.

पैशांचं बोलणं स्पष्ट ठेवा. रोजंदारीवर काम घेतलंत तर घासायला वेळ लागतो तसा गिऱ्हाइकाचा चेहरा बदलतो, म्हणून वस्तूमागे दर ठरवा. खोलून, लाकूड बघूनच दर सांगा, आणि सामानाचे पैसे आगाऊ घ्या. सुरू करण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. फुटभर पट्टीवर तोच मूळ रंग आणि तेच ग्लेझ, फिकं, मध्यम, गडद असं करून दाखवा आणि निवडलेल्या तुकड्यामागे गिऱ्हाइकाची सही घ्या. ती पट्टी त्यांच्या घरच्या उजेडात बघायला सांगा, कारण ट्यूबलाइटखाली रॉ अंबर हिरवट दिसतो.

वस्तू पोचवताना आरसा वेगळा न्या आणि तिथं बसवा. पहिले दोन-तीन आठवडे वर काही जड किंवा गरम ठेवू नका, ओल्या फडक्यानं पुसू नका, हे तोंडी सांगा आणि कागदावर लिहूनही द्या. उरलेला मूळ रंग एका छोट्या बाटलीत भरून, झाकणावर तारीख नि रंगाचा नंबर टाकून, खणातच ठेवून या.