वर्गातले टॅब, टीव्ही आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप: या चुका टाळा

जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांत आता भिंतीवर स्मार्ट टीव्ही आहे, लोकवर्गणीतून घेतलेले चार-दोन टॅब आहेत. तरी अंध किंवा कमी ऐकू येणाऱ्या एखाद्याबद्दल "अमक्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही" ही कुरकुर ऐकू येतेच. बहुतेक वेळा वस्तू ठीक असते. आपण तिच्यात काय भरतो आणि ती कुणाच्या खात्यावर चालवतो, घोळ तिथे असतो.

सगळ्यात जुनं दुखणं फॉन्टचं. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका दिसायला मराठी, पण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. अंध मुलाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मग तो संगणकावरचा एनव्हीडीए असो की मोबाइलवरचा टॉकबॅक, तीच चिन्हं बडबडत सुटतो. फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करून बघा. मराठी तशीच उतरली तर युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्राला मराठी म्हणूनच कळणारा मजकूर. भलतंच उमटलं तर मजकूर कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणाऱ्या साधनातून, काढा आणि मग रफार, जोडाक्षरं नीट तपासा, कारण कन्व्हर्टर तिथेच घसरतात. यापुढचं टायपिंग इनस्क्रिप्ट या युनिकोड कीबोर्डने करा, नाहीतर मोबाइलच्या जीबोर्ड कीबोर्डवर बोलून.

धड्याचे फोटो काढून त्यांची पीडीएफ पाठवणं तितकंच निरुपयोगी. स्क्रीन रीडरच्या लेखी ते चित्र. अशी फाइल ड्राइव्हवर टाकून संगणकावर गुगल डॉक्समध्ये उघडली तर मजकूर बऱ्यापैकी सुटा होतो. तपासणी इथेही टळत नाही.

मराठी धडा परक्या उच्चारात वाचला जात असेल तर सेटिंगमध्ये टेक्स्ट-टू-स्पीच (मजकूर वाचून दाखवायची सोय) उघडा आणि मराठी आवाज डाउनलोड केलेला आहे का पाहा. हे काम घरच्या वायफायवर आधीच उरका. शाळेतल्या रेंजचा भरवसा कुणी द्यायचा?

"टॅब बिघडला सर, हात लावला की नुसता बोलतोय." बिघडलेला नसतो, कुणाकडून तरी टॉकबॅक सुरू झालेला असतो. अशा वेळी एकदा टिचकी मारली की फक्त निवड होते, उघडायला दोनदा मारावी लागते, पान सरकवायला दोन बोटं लागतात. आवाजाची दोन्ही बटणं काही क्षण एकत्र दाबून धरली की बहुतेक टॅबवर तो बंद होतो. बंद करण्याआधी एवढं विचारा, की तो कुणासाठी मुद्दाम तर चालू ठेवला नव्हता? आणि ज्याला तो लागतो त्याला हेडफोन द्याच. टॉकबॅक नोटिफिकेशनही वाचून दाखवतो, म्हणजे आलेला ओटीपी अख्ख्या वर्गाला ऐकू जाऊ शकतो.

कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी लाइव्ह ट्रान्सक्राइब हे अ‍ॅप मराठी बोलणं लिहून दाखवतं. फोन शेवटच्या बाकावर असेल तर मात्र ते गोंगाटच टिपणार. फोन गुरुजींच्या टेबलाजवळ हवा.

आता सुरक्षिततेचं. स्वतःचा फोन टीव्हीला जोडून शिकवणं ही सर्रास सवय, आणि मग घरचे मेसेज मुलांसमोर झळकतात. वर्गासाठी वेगळं खातं ठेवा, डू नॉट डिस्टर्ब लावा, यूट्यूबचा ऑटोप्ले बंद आणि नको ते व्हिडिओ गाळणारा रिस्ट्रिक्टेड मोड चालू करा. रिस्ट्रिक्टेड मोडमध्ये खालच्या कमेंटही दिसत नाहीत. तो गाळणी आहे, कुलूप नाही, म्हणून व्हिडिओ आधी स्वतः पूर्ण बघावा. पासवर्ड म्हणून शाळेचा यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) तर कधीच नको, तो कुणालाही सापडतो.

पालकांच्या ग्रुपवर प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' असं केलं तरी तो झाकला जात नाही. एकच निरोप प्रत्येकाला वेगळा पाठवणाऱ्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये तो दिसत नाही, पण पालकांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला हवा, नाहीतर निरोप पोचतच नाही. याच ग्रुपवर दिव्यांग मुलांची यादी, यूडीआयडी कार्डाचे (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचे) फोटो फिरताना दिसतात. मदत मिळवून द्यायच्या धावपळीत पोराच्या व्यंगाची दवंडी पिटली जाते. असली कागदपत्रं त्या-त्या पालकांकडून स्वतंत्रपणेच मागवावीत.

एखाद्या मुलाला धमकीचा किंवा अश्लील मेसेज आला तर घाबरून डिलीट करू नका आणि "बघा काय आलंय" म्हणून स्टाफच्या ग्रुपवरही टाकू नका. नंबर, तारीख, वेळ लिहून ठेवा, पालकांना बोलवा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, मुलाला मदत हवी असेल तर चाइल्डलाइन १०९८.