पतीचा कामावर मृत्यू, भरपाईचा दावा नाकारला: काय करावं लागतं

कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता, आता त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आहे. खालची कलमं जुन्या कायद्याची, त्या काळातल्या मृत्यूंसाठी. या कायद्याखालचा दावा मालकाने नाकारला की नकार कारणासकट लेखी मागावा. तोंडी नकार उद्या बदलतो.

'दारू प्यायला होता', 'हेल्मेट घातलं नव्हतं' अशी कारणं दिली तर घाबरू नये. अपघातात मृत्यू झाला असेल, तर कलम ३ नुसार हा बचाव चालत नाही. खरी झुंज दोन वाक्यांशी असते. 'तो आमचा माणूसच नव्हता' यावर हजेरीपट, गेटपास, पगार जमा झालेलं पासबुक काढावं. कंत्राटी कामगार असेल तर कलम १२ खाली मूळ मालकालाही (ज्याचं काम कंत्राटदार करत होता त्याला) पक्षकार करावं. 'हार्ट अटॅक नैसर्गिक होता' हे जास्त अवघड. शवविच्छेदन अहवाल आणि शेवटच्या दिवसांतल्या जादा पाळ्यांची नोंद लागते. कामाशी संबंध दाखवता आला नाही तर बरेच दावे इथेच पडतात.

अर्ज मृत्यूपासून दोन वर्षांत, कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडे. रक्कम म्हणजे मासिक वेतनाचे ५० टक्के गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयानुसार गुणांक, किमान १,२०,००० रुपये. महिनाभर थकली तर १२ टक्के व्याज. 'सगळं मिटलं' असं लिहून परस्पर रोख देऊ केली तर सही करू नये, कारण कलम ८ नुसार मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा व्हावी लागते. पती ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमाधारक असेल तर मात्र हा रस्ता बंद. आश्रित लाभ तिकडे मागायचा.