दत्तक आहात? आजारांची माहिती वेगळी मागा

जन्मदात्यांची नावं मिळतीलच असं नाही. आजारांबद्दलचं मात्र नावाशिवायही बरंच मिळू शकतं. म्हणून अर्जात दोन्ही मागण्या वेगवेगळ्या लिहा. एकत्र लिहिल्या की नावासाठी नकार आला, आणि बाकीचंही अडकलं, असं होतं.

आधी दत्तक कसं झालं ते पाहा. नात्यातलं, 1956च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने झालेलं असेल तर दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेल्या दत्तकपत्राची नक्कल काढा. नावं त्यातच असतात. पुढचं आत्या-मावश्यांना विचारावं, त्यांच्याइतकं कार्यालयाला ठाऊक नसतं. संस्थेमार्फत झालं असेल तर फाईल संस्थेकडे असते. सप्टेंबर 2022पूर्वीचा दत्तक आदेश न्यायालयाचा, नंतरचा जिल्हाधिकाऱ्यांचा. दत्तक नंदुरबारमधलं असेल तर लक्षात ठेवा: हा जिल्हा धुळ्यातून 1 जुलै 1998ला झाला, त्याआधीच्या नोंदींसाठी धुळ्यात चौकशी करा.

वय 18च्या वर असेल तर ‘कारा’कडे (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण) ऑनलाइन अर्ज स्वतः करा, कमी असेल तर दत्तक आईवडिलांसह. तुमच्या वतीने तिसऱ्याला शोध घेता येत नाही. जन्मदात्या आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची लेखी संमती लागते. ती मिळाली नाही किंवा तिचा ठावठिकाणा लागला नाही, तरी मूल का व कोणत्या परिस्थितीत सोपवलं, हे तुम्हाला कळवणं यंत्रणेवर बंधनकारक असतं. सापडलेल्या मुलाच्या फाईलमध्ये नावं बहुधा नसतात.

आरोग्यासाठी नेमकं मागा: जन्माचं वजन, दिवस पूर्ण भरले होते का, दत्तकाआधीच्या तपासण्यांचे अहवाल, लसी, रक्त चढवलं होतं का, आणि सोपवताना जन्मदात्यांनी सांगितलेले आजार.

उत्तराची वाट पाहत सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी मात्र लांबवू नका. सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार बराच आढळतो आणि तुमचं मूळ तिथलं आहे की नाही, हे तुम्हाला ठाऊक नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी करतात. ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही खात्रीची रक्ततपासणी. वाहक (एएस, म्हणजे स्वतः रुग्ण नाही पण दोष मुलाकडे जाऊ शकतो) की रुग्ण (एसएस), हे त्यातच कळतं. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आधी सांगा, निकाल चुकतो. नवरा-बायको दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के, तेव्हा तपासणी लग्नाआधीच उरकावी.

दवाखान्याच्या फॉर्मवर कौटुंबिक आजारांपुढे ‘नाही’ लिहू नका, दत्तक वडिलांचा मधुमेहही नको. ‘दत्तक, जन्मकुटुंबाचे आजार माहीत नाहीत’ असं लिहा.